डंकन एडवर्ड्स
डंकन एडवर्ड्स (१ ऑक्टोबर, १९३६ - २१ फेब्रुवारी, १९५८) हा मँचेस्टर युनायटेड आणि इंग्लंडकडून खेळलेला फुटबॉलपटू होता. तो प्रामुख्याने मधल्या फळीत डाव्या बाजूस खेळत असे.

डडली येथे जन्मलेल्या एडवर्ड्सने १९५२ मध्ये मँचेस्टर युनायटेडशी करार केला. फुटबॉलमध्ये जम न बसल्यास हाताशी काही असावे म्हणून त्याने सुतारकामाची उमेदवारीही धरली होती. तिची गरज पडली नाही. ४ एप्रिल, १९५३ रोजी ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर कार्डिफ सिटीविरुद्ध तो मुख्य संघातून प्रथम खेळला, तेव्हा त्याचे वय १६ वर्षे १८५ दिवस होते. हा सामना युनायटेडने १-४ असा गमावला. पुढील हंगामात मात्र त्याने संघातील जागा पक्की केली. मुख्य संघात रुळल्यावरही तो युवा संघाकडून खेळत राहिला आणि १९५३, १९५४ व १९५५ असा सलग तीनदा एफए युवा चषक जिंकणाऱ्या संघात होता.

२ एप्रिल, १९५५ रोजी वेंब्ली येथे स्कॉटलंडविरुद्ध त्याने इंग्लंडकडून पदार्पण केले. इंग्लंडने हा सामना ७-२ असा जिंकला. १९५६ व १९५७ मध्ये युनायटेडने लीग विजेतेपद मिळवले, त्यात त्याचा मोठा वाटा होता.

६ फेब्रुवारी, १९५८ रोजी बेलग्रेडहून परतताना संघाचे विमान म्युनिक येथे उड्डाण करताना कोसळले. गंभीर जखमी एडवर्ड्सचा पंधरा दिवसांनी तेथील रुग्णालयात मृत्यू झाला. क्लबसाठी १७७ सामने आणि इंग्लंडसाठी १८ सामने खेळलेला हा खेळाडू तेव्हा अवघा २१ वर्षांचा होता. डडली येथेच त्याचे दफन करण्यात आले.