देव्हाऱ्यातील शिवराय आणि बंगळूरचे शिवराय

आमच्या बसवनगुडीच्या महानंदीविषयी एक जुनी कथा सांगतात. भुईमुगाच्या शेतात शिरणाऱ्या बैलाला शेतकऱ्याने दांडक्याने मारले, बैल तेथेच शिळा होऊन बसला आणि ती शिळा वाढू लागली. मस्तकावर त्रिशूळ रोवला तेव्हा कोठे वाढ थांबली. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी कडलेकाई परिषेला जाणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस ही कथा परकी वाटत नाही. आमच्या घरांतही एक प्रतिमा अशीच वाढत आली आहे : गणपतीशेजारी ठेवलेली, हळदकुंकू वाहिलेली श्रीशिवछत्रपतींची तसबीर.

या देवत्वाचा उगम फार जुना आहे. महाराजांच्या हयातीतच कवींद्र परमानंदांनी 'शिवभारत' या संस्कृत काव्यात त्यांना विष्णूचा अवतार ठरविले. पुढे मालवणच्या सिंधुदुर्गात श्रीशिवराजेश्वराचे मंदिर उभे राहिले. ते राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधविले असे मानतात. तेथील मूर्तीला दाढी नाही. तसबिरींना सरावलेला भाविक क्षणभर थबकतो, पण हात जोडतोच. लोकनायकाला देव करण्याची ओढ एकट्या आपल्याच लोकांत आहे असेही नाही. फिलिपाइन्समध्ये होसे रिसाल या नेत्रवैद्य कादंबरीकाराला स्पॅनिश सत्तेने ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिला येथे गोळ्या घालून ठार केले, आणि पुढे त्याला ख्रिस्तस्वरूप मानणारे पंथ निघाले. बानाहाव पर्वताच्या परिसरात त्यांची श्रद्धास्थाने आहेत. महाराजांच्या नावाने असा वेगळा पंथ निघाला नाही. ते कुलदैवताशेजारी जाऊन बसले, एवढेच.

पूजेला आमचा विरोध नाही. परंतु देवाला बालपण नसते आणि भाऊबंदकीही नसते. महाराजांना दोन्ही होते, आणि दोहोंचा संबंध आमच्या या गावाशी आहे.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर जन्मलेले महाराज दहाएक वर्षांचे असताना मातोश्री जिजाबाईंसह बंगळुरास आले. १६३८ मध्ये हे ठाणे विजापूरकरांनी केंपेगौडांकडून घेतले होते व शहाजीराजांकडे सोपविले होते. सुमारे दोन वर्षे येथे काढून महाराज पुण्याकडे परतले. त्यानंतरचा प्रतापगड, आग्रा आणि ६ जून १६७४ चा रायगडावरील राज्याभिषेक हा भाग प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. तो येथे सांगत बसत नाही.

आम्हांस थांबावेसे वाटते ते १६७७ च्या कर्नाटक मोहिमेपाशी. जिंजी हाती आल्यावर महाराजांनी सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांना कावेरीकाठच्या मुलखात भेटीस बोलाविले. वडिलांच्या दौलतीतील अर्धा वाटा हा विषय होता. बोलणे फिसकटले, व्यंकोजीराजे रातोरात तंजावरास निघून गेले. महाराज परतताच त्यांनी मागे ठेवलेल्या फौजेवर व्यंकोजीराजांनी चाल केली व पराभव पत्करला. विजेत्या भावाने सारेच घेतले असते तर अडविणारे कोण होते? पण व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांनी पतीला समजाविले, रघुनाथपंत हणमंते मध्ये पडले आणि तह झाला. त्या तहात महाराजांनी बंगळूर, होसकोटे व शिरे हा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी लावून दिला. आम्ही ज्या गावात संसार मांडले ते गाव एकेकाळी एका दिराने भावजयीला दिलेली ओवाळणी होते, हे आमच्या मुलांस सांगितले की ती चकित होतात.

याच मोहिमेच्या परतीच्या वाटेवर बेळवडीच्या गढीने मराठी फौजेस कित्येक दिवस झुंजविले. गढीची धनीण मल्लम्मा देसाईण अखेर हरली. महाराजांनी तिला सन्मानाने तिचा मुलूख परत दिला, असे परंपरा सांगते. धारवाडजवळ यादवाड येथील शिल्प तिनेच कोरविले, असेही मानतात. त्यात महाराजांच्या मांडीवर मूल आहे. हरलेल्या शत्रूने कोरविलेला हा दगड आम्हांस अनेक पुतळ्यांहून मोलाचा वाटतो. कन्नड शेजाऱ्यांकडे मल्लम्मेची कथा अभिमानाने सांगतात. आपण ती ऐकताना मान खाली घालण्याचे कारण नाही, मात्र कान बंद करण्याचेही नाही. अवतारकथेत बेळवडीला जागा सापडत नाही, चरित्रात ती द्यावीच लागते.

पुढे व्यंकोजीराजांना वैराग्याने घेरले. राज्यकारभार सोडून ते उदास बसले, तेव्हा महाराजांनी वडीलकीच्या अधिकाराने पत्र लिहून त्यांची कानउघाडणी केली आणि पराक्रमाचे दिवस रिकामे घालवू नयेत असे बजाविले. स्वतः महाराजांचे दिवस तेव्हा थोडेच उरले होते. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर त्यांनी देह ठेवला. चोळीबांगडीचे बंगळूर त्यानंतर सात वर्षे भोसल्यांकडे राहिले. १६८७ मध्ये व्यंकोजीराजांनी ते तीन लाखांस विकण्याचा सौदा म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांशी केला, तो पुरा होण्याआधीच मोगल सरदार कासीमखानाने शहर घेतले आणि मग ते म्हैसूरकरांच्या हाती गेले.