लक्ष्मीबाई टिळक आणि लोकांचे बोलणे

खेड्यापाड्यांत राहणाऱ्या आपल्या बंधुभगिनींस एका दुःखाची ओळख करून द्यावयास नको. ते दुःख म्हणजे शेजाऱ्याची जीभ. पाण्यावर एक शब्द निघतो, पारावर त्यास दुसरा येऊन मिळतो, आणि दिवेलागणीस त्याची अशी गोष्ट झालेली असते की ज्याची ती गोष्ट त्यालाच ती ओळखू येऊ नये. याकोबाने आपल्या पत्रात जिभेस आगीची उपमा दिली आहे ती उगीच नव्हे. अशा आगीत सापडलेल्या मनुष्याने काय करावे? ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच सोलापूर जिल्ह्यात काही काळ दुःखाने राहिलेल्या एका बाईच्या चरित्रात सापडते. ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखले ह्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे विलक्षण कडक होते. बाजारातून आलेली जिन्नस धुऊन घेतल्यावाचून घरात वापरावयाची नाही, इतका त्यांचा विटाळाचा धसका असे. त्या धाकात मुलींचे बालपण गेले. अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले. पती नारायण वामन टिळक हे कवी, विद्वान, मोठ्या मनाचे, परंतु अत्यंत लहरी. ते घर सोडून कधी निघतील आणि कधी परत येतील ह्याचा नेम नसे. ज्या घरचा धनी असा, त्या घराविषयी शेजाऱ्यांस विषय शोधावा लागत नाही. लोकांचे बोलणे ऐकून घेणे ही गोष्ट लक्ष्मीबाईंच्या पाठीस लहानपणीच लागली.

1891 साली त्यांस पुत्र झाला. त्याचे नाव देवदत्त. घरात त्यास दत्तू म्हणत. पुढे टिळकांस आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला. तो वाचता वाचता त्यांचे मन प्रभू येशूकडे ओढले गेले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही वार्ता लक्ष्मीबाईंस पतीच्या तोंडून कळली नाही. ती इतरांकडून त्यांच्या कानी आली. येथे आपण प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. टिळकांचा विश्वास खरा होता, तथापि जे पत्नीस आपण स्वतः सांगावयाचे ते त्यांनी वेळेवर सांगितले नाही. घरच्या माणसाने मौन धरले की ती जागा परक्यांच्या बोलण्याने भरून निघते. नामांकित ब्राह्मण कवी ख्रिस्ती झाला, ह्या बातमीने महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली, आणि त्या खळबळीचा सगळा भार एका तरुण स्त्रीच्या डोक्यावर पडला.

लक्ष्मीबाई दत्तूस घेऊन पंढरपुरास आपल्या बहिणीकडे राहावयास गेल्या. पंढरपूर म्हणजे चंद्रभागेच्या तीरावरचे क्षेत्र. वारकऱ्यांची व यात्रेकरूंची सदा ये-जा. तेथे बातमीस पाय फुटावयास कितीसा वेळ? पती जिवंत आहे, परंतु जातीबाहेर गेला आहे. अशा स्त्रीस त्या काळच्या समाजात उभे राहावयास जागा नव्हती. सवाशीण म्हणावे तर संसार नाही, विधवा म्हणावे तर पती आहे. अशा बाईविषयी कोण काय बोलले असेल, कोणी कळवळ्याचे सोंग घेऊन जखमेवर मीठ कसे चोळले असेल, कोणी न मागता सल्ला कसा दिला असेल, हे ज्याने आपल्या गावात एक बाप्तिस्मा झालेला पाहिला आहे त्यास सांगावयास नको. ख्रिस्ती लोकांविषयीही त्यांच्या मनात जे चित्र होते ते ऐकीव होते. ख्रिस्ती घरात त्या कधी राहिल्या नव्हत्या. त्यांच्या ताटातले अन्न त्यांनी पाहिले नव्हते. तरी भय मात्र पुरे होते. त्या दुःखाने त्यांची प्रकृती खचली. पती नगरास आणि पत्नी व मूल पंढरपुरास, अशी वर्षे गेली. एक संसार लोकांच्या बोलण्यावर कायमचा मोडावयाचा की काय, असा तो प्रसंग होता.

ह्या काळात टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. आपल्याविषयी कोण काय बोलतो ह्याचा माग काढीत ते गावोगाव फिरले नाहीत. आप्तांपैकी कोणी मन कलुषित केले ह्याचा जाब त्यांनी मागितला नाही. त्यांनी एकच केले. ज्या एका व्यक्तीशी त्यांचे काम होते तिला ते पत्रे लिहीत राहिले. आपला धर्म तिने घ्यावा अशी सक्ती त्यांनी केली नाही; मनास पटेल तेव्हाच काय ते करावे, असे स्वातंत्र्य त्यांनी पत्नीस दिले. बाहेर शंभर तोंडे बोलत होती, आणि त्या गलबल्यातून एका माणसाचे पत्र दुसऱ्या माणसाच्या हाती पडत होते. प्रभूने शिष्यांस हाच मार्ग शिकविला आहे: भावाविषयी काही असेल तर ते चव्हाट्यावर नेऊ नये, त्याच्याकडे एकांती जावे. लोकांची कुजबूज आडवाटेने जाते. प्रीती सरळ वाटेने जाते.

शेवटी लक्ष्मीबाईंनीही ती सरळ वाट धरली. त्या पतीकडे नगरास आल्या. ह्या निश्चयास किती धैर्य लागले असेल ह्याचा विचार करा! माहेर, बहीण, जात ह्यांचा रोष पत्करून, आणि ज्यांच्याविषयी केवळ भय ऐकले होते त्या लोकांच्या वस्तीकडे, त्या मुलाचे बोट धरून निघाल्या. प्रथम त्यांनी आपले सोवळे, स्वयंपाक व पाणी निराळे ठेविले, आणि टिळकांनी तसे राहू दिले. मात्र आता त्या डोळ्यांनी पाहू लागल्या. ही माणसे कशी प्रार्थना करितात, आजाऱ्याजवळ कशी बसतात, परक्याचे मूल कसे सांभाळतात, हे त्यांनी पाहिले. ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट ह्यांची जोडी जमेना. विचार करिता करिता त्यांची खात्री झाली की, देवाने माणूस निर्माण केला, जाती माणसाने केल्या. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे असे त्यांनी ठरविले. ज्या मुलीच्या माहेरी बाजारची जिन्नस धुतल्यावाचून चालत नसे, तिच्या मनातला विटाळ असा धुऊन निघाला. 1900 साली त्यांनी प्रभूचा स्वीकार केला.

पुढे दुष्काळ व प्लेग ह्यांच्या दिवसांत टिळक पतिपत्नींनी अनाथ मुलांस आपल्या घरात घेतले. स्वतःचीच ओढाताण असताना परक्यांची मुले जवळ करणाऱ्या बाईस लोक नावे ठेवावयाचेच; परंतु आता त्या बोलण्यात त्यांस रडविण्याचे बळ उरले नव्हते. भुकेल्या मुलास जेवू घालीत असता नळावर काय बोलणे चालले आहे हे ऐकावयास सवड कोणास असते?

9 मे 1919 रोजी टिळक प्रभूकडे गेले. त्यांनी आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायन’ ह्या काव्याचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. ते 1938 साली प्रसिद्ध झाले. परंतु आजच्या आपल्या विषयास धरून त्यांचा ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथच अधिक बोलका आहे. तो 1934 ते 1936 ह्या काळात चार भागांत निघाला. ज्या बाईविषयी लोक इतके बोलले, तिच्या हाती शेवटी लेखणी आली होती. मनात आणिले असते तर एकेकाचे उट्टे काढता आले असते. त्यांनी तसे केले नाही. आपला राग, आपले अज्ञान, आपल्या फजित्या त्यांनी प्रथम सांगितल्या. पतीचे दोष झाकले नाहीत आणि गुणही लपविले नाहीत. ज्यांनी त्रास दिला त्यांचीही आठवण हसून केली. चहाडी आणि चरित्र ह्यांतला भेद येथे दिसतो. चहाडखोर दुसऱ्याचा दोष सांगतो आणि स्वतःस वगळतो. लक्ष्मीबाईंनी आरंभ स्वतःपासून केला. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकास त्यांचे देहावसान झाले.

मंडळीतील बंधुभगिनींनो, आणि विशेषतः उपदेशकहो, ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्याविषयी कोणी खोटे बोलले तर त्याच्याविषयी दुसऱ्या दारी जाऊन बोलू नये. तसे केले तर गावात एक चहाडखोर होता त्याचे दोन होतील. ज्याच्याशी काम आहे त्याच्याकडे स्वतः जावे, आणि जे सांगावयाचे ते वेळेवर व सौम्यपणे सांगावे. लुडबूड करणाऱ्या शेजाऱ्यास आपले दार बंद करू नये. घरातली गुप्त गोष्ट त्याच्या हाती देऊ नये हे खरे, परंतु त्याच्या घरी आजारपण आले तर पहिले पाऊल आपले पडावे. तो आपल्याविषयी ऐकून बोलत असेल. त्यास जवळून पाहू द्यावे.

आणि एक गोष्ट अधिक कठीण आहे. आपली जीभ कोठे असते? उपासना संपल्यावर देवळाच्या पायरीवर नव्याने आलेल्या कुटुंबाविषयी जे बोलणे निघते, ते पंढरपुरातल्या बोलण्याहून निराळे असते काय? आज आपल्याच शेजारी कोणी लक्ष्मीबाई लेकरास कुशीत घेऊन, लोक काय म्हणतात ह्याच्या भयाने, दार लावून बसली असेल. तिच्याविषयी बोलण्यापूर्वी तिच्या दाराशी जावे, आणि सरळ तिच्याशीच बोलावे.