निकोलस ऑटो आणि यंत्राचा आवाज

रस्त्याकडे पाठ असली, तरी मागून येणारें वाहन मोटारसायकल आहे कीं मोटार, हें आपण नुसत्या आवाजावरून ओळखतों. हे आवाज भिन्न कां, याचें मर्म ज्या पुरुषाच्या कार्यांत सांपडतें, त्या निकोलस ऑटो यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ऑटो यांचा जन्म १० जून १८३२ रोजीं जर्मनींतील होल्त्सहाउझेन या खेड्यांत झाला. पितृछत्र लवकरच हरपलें. सोळाव्या वर्षीं शाळा सुटली व पुढें फिरत्या विक्रेत्याचें काम पत्करावें लागलें. यंत्रविद्येचें रीतसर शिक्षण नव्हतें. ध्यास मात्र अखंड होता. १८६२ सालीं त्यांचें प्रायोगिक यंत्र आंतील स्फोटांच्या धक्क्यांनीं मोडलें. तरी ते खचले नाहींत. १८६४ सालीं ऑयगेन लांगेन यांनीं भांडवल दिलें, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्यांच्या नव्या गॅस-यंत्रास सुवर्णपदक मिळालें. मात्र तें यंत्र फार खडखडाट करी. १८७६ सालीं ऑटो यांनीं शोषण, दाब, ज्वलन व उत्सर्जन अशा चार टप्प्यांचें यंत्र सिद्ध केलें. तें इतकें शांत होतें कीं इंग्लंडांत ‘मूक ऑटो’ या नांवानेंच विकलें गेलें.

या चार टप्प्यांतच आवाजाचें रहस्य आहे. दट्ट्याच्या चार फेऱ्यांत आंस दोनदां फिरतो, आणि तेवढ्यांत जळलेला वायु एकदांच जोरानें बाहेर पडून ठोका देतो. मिनिटास १००० फेरे धरले, तर एका सिलिंडरचे ५०० ठोके, म्हणजे सेकंदास सुमारें आठ होतात. म्हणून ते सुटे ऐकूं येतात. चार सिलिंडरांचे सेकंदास सुमारें तेहतीस, तर सहांचे पन्नास होतात. ते एकमेकांत मिसळून घुमणारा स्वर होतो. ठोके वाढतील तसा स्वर चढतो. ठोक्यांमधील अंतरही महत्त्वाचें. कांहीं मोटारसायकलींत दोन सिलिंडर परस्परांशीं ४५ अंशांचा कोन करून एकाच भुजेस जोडलेले असतात. त्यांचें ज्वलन ३१५ व ४०५ अंशांच्या विषम अंतरानें होतें. त्यामुळें आवाज दुडक्या चालीचा येतो. शिवाय धुराड्याची नळी कांहीं स्वर उठविते, कांहीं दाबते.

१८८६ सालीं मात्र ऑटो यांच्यावर मोठा आघात झाला. हीच कल्पना बो द रोशा या फ्रेंच गृहस्थांनीं १८६२ सालींच कागदावर मांडली होती, या कारणास्तव जर्मन न्यायालयानें ऑटो यांचें पेटंट रद्द केलें. बो द रोशा यांनीं यंत्र कधींच बांधलें नव्हतें; तरी हक्क गेला तो गेलाच. २६ जानेवारी १८९१ रोजीं ऑटो कोलोन येथें निवर्तले.

हक्क गेला, पण काम टिकलें. त्यांच्याच कारखान्यांत काम केलेल्या डाइमलर व मायबाख यांनीं तें तत्त्व हलक्या पेट्रोल-यंत्रांत आणलें, आणि शास्त्रग्रंथांत तें आजही ‘ऑटो चक्र’ याच नांवानें ओळखलें जातें. मोडलेल्या यंत्रापाशीं पुनः बसण्याचें धैर्य ज्यास असतें, त्याची कृति त्याच्यामागें बोलत राहते. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज ऐकतांना विद्यार्थ्यांस याचें स्मरण व्हावें, अशी आमची इच्छा आहे.