हृदयाला विसावा

मुलांनो, छातीच्या डाव्या बाजूस हात ठेवून पाहा. आतील ठोका तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी सुरू झाला आणि तेव्हापासून तो थांबलेला नाही. बिघडलेले घड्याळ दुरुस्त करावयाचे तर घड्याळजी ते आधी बंद करतो, मग उघडतो. हृदयाच्या बाबतीत हे कसे जमावे? ते थांबले की अवघ्या काही मिनिटांत मेंदूला प्राणवायू कमी पडून अपाय होऊ लागतो. म्हणूनच हृदयात छिद्र घेऊन जन्मास आलेल्या बालकांपुढे एके काळी वैद्य हतबल होत. ही कोंडी फोडण्यासाठी ज्यांनी वीसहून अधिक वर्षे वेचली, त्या डॉ. जॉन गिबन यांची ही कथा आहे.

गिबन यांचा जन्म अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे २९ सप्टेंबर १९०३ रोजी झाला. घराणे वैद्यांचे; वडील नामांकित शस्त्रवैद्य. जॉन यांचा ओढा मात्र साहित्याकडे होता. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडून लेखक व्हावे, असेही त्यांच्या मनात आले. परंतु वडिलांच्या सल्ल्याने त्यांनी ते पुरे केले.

पुढे ते बोस्टन येथील रुग्णालयात काम करू लागले. तेथे एका स्त्रीच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली. तिच्या उशाशी बसून नाडी पाहण्याचे काम तरुण गिबन यांच्याकडे आले. रात्रभर ते बसून होते. रक्त काळवंडत चालले होते, श्वास जड होत होता. सकाळी शस्त्रक्रिया झाली, पण ती स्त्री वाचली नाही. त्या रात्री एक विचार त्यांच्या मनात घर करून बसला. हे काळवंडलेले रक्त शरीराबाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून पुन्हा आत सोडता आले तर?

ज्येष्ठांपैकी बहुतेकांना ही कल्पना खुळी वाटली. सहकारी म्हणून त्यांना लाभली ती त्यांची पत्नी मेरी. ती प्रयोगशाळेतील कामात निष्णात होती. प्रयोगासाठी मांजरे हवीत म्हणून गिबन रात्री बोस्टनच्या गल्ल्यांतून माशाचे आमिष आणि पोते घेऊन हिंडत! १९३५ मध्ये मांजराच्या हृदयाचे काम यंत्राने काही वेळ यशस्वीपणे केले. मग महायुद्ध आले आणि गिबन यांना सैन्यात जावे लागल्याने काम थांबले. युद्धानंतर आयबीएम कंपनीच्या अभियंत्यांनी त्यांना साहाय्य केले. नव्या यंत्रात पोलादी तारांच्या उभ्या जाळ्या होत्या. त्यांवरून रक्ताचा पातळ थर ओघळे, त्यास प्राणवायू मिळे, आणि पंप ते रक्त शरीरात परत पाठवीत.

१९५२ मध्ये पंधरा महिन्यांच्या एका बालिकेवर पहिली शस्त्रक्रिया झाली. हृदयातील पडद्याला छिद्र आहे, असे निदान होते. हृदय उघडले, तो छिद्र नव्हतेच! दोष हृदयाबाहेरील एका रक्तवाहिनीत होता, हे तिच्या मृत्यूनंतर कळले. पुढच्या वर्षी, ६ मे १९५३ रोजी, अठरा वर्षांच्या एका मुलीचे हृदय व फुप्फुसे यांचा सर्व भार यंत्राने २६ मिनिटे वाहिला. तेवढ्या अवधीत गिबन यांनी तिच्या हृदयातील छिद्र शिवले. ती खडखडीत बरी झाली.

परंतु त्याच जुलैमध्ये पाच वर्षांच्या दोन मुली शस्त्रक्रियेत दगावल्या. गिबन यांनी यंत्र थांबविले आणि पुन्हा कधीही हृदयावर अशी शस्त्रक्रिया केली नाही. कोणी यास माघार म्हणेल; मला मात्र त्यांच्या यशापेक्षा हा निर्णय अधिक कठीण वाटतो. यंत्राचे आराखडेही त्यांनी कुलपात ठेवले नाहीत. रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. जॉन कर्कलिन यांनी त्यांवरून सुधारलेले यंत्र बनविले. मार्च १९५५ मध्ये त्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली ती एका पाच वर्षांच्या मुलीवरच, आणि ती वाचली.

तरीही एक अडचण उरलीच होती. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही पुष्कळदा बालकाचे थकलेले हृदय लगेच कामास लागत नसे. त्यास काही दिवसांचा विसावा हवा असे. पण वायूचा थेट स्पर्श होऊन रक्त खराब होत असल्याने यंत्र काही तासच चालविता येई. शिवाय तीन किलो वजनाच्या अर्भकाच्या अंगात रक्त ते किती? जेमतेम पाव लिटर! यंत्राच्या नळ्या भरण्यासच त्याहून अधिक लागे. मग रक्त आणि वायू यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा ठेवण्याची युक्ती निघाली. प्राणवायू पडद्यातून झिरपे, रक्त मात्र सुरक्षित राहे. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी अशा यंत्राने दोन वर्षांच्या एका मुलाच्या हृदयाला शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीड दिवस आधार दिला. हृदय सावरले, यंत्र काढले आणि मुलगा वाचला.

त्या वेळी गिबन हयात होते. निवृत्तीनंतरही त्यांचा टेनिसचा खेळ चालू होता. ५ फेब्रुवारी १९७३ रोजी खेळता खेळताच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.