अबुल कासिम अल् जहरावी : आधी विचार, मग हत्यार

दाढ दुखू लागली म्हणजे माणूस हैराण होतो. कधी एकदा ती काढून टाकतो असे त्याला होते. पण नेमकी कोणती दाढ दुखते हे त्याला बरोबर सांगता येतेच असे नाही. हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील एका मुस्लिम शल्यवैद्याने ही साधी गोष्ट ओळखली आणि शिष्यांसाठी लिहून ठेवली. त्यांचे नाव अबुल कासिम अल् जहरावी. युरोपात ते अबुलकासिस म्हणून प्रसिद्ध आहेत.

इ. स. ९३६ च्या सुमारास कुर्तुबा, म्हणजे आजच्या कॉर्डोबा शहराजवळील अज्-जहरा येथे त्यांचा जन्म झाला. आयुष्यभराचा अनुभव त्यांनी ‘अत्-तसरीफ’ या ३० खंडांच्या ग्रंथात ओतला. शेवटचा खंड शस्त्रक्रियेचा असून त्यात सुमारे २०० हत्यारांच्या आकृत्या आहेत. दातांवरचे कीटण खरवडण्याची निरनिराळ्या आकारांची हत्यारेही त्यांत आहेत. हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधावेत असे ते सांगतात, आणि कारणही देतात : चांदी थोड्याच दिवसांत खराब होते, सोने होत नाही.

हे ‘का’ सांगणे हीच त्यांच्या शिकवण्याची खूण आहे. दात काढण्याची त्यांनी घाई केली नाही. आधी सर्व उपाय करून पाहावेत, कारण गेलेल्या दाताची भरपाई होत नाही. रोगी बोट दाखवील तोच दात दुखरा असे धरून चालू नये. अडाणी न्हावी चांगला दात उपटतात आणि दुखणे तसेच राहते, असे त्यांनी पाहिले होते. म्हणून खात्री होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा त्यांचा धडा. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला आजही हेच शिकावे लागते.

शिष्यांना ते मुलांसारखे मानीत. पण त्यांच्यापासून त्यांनी अपयशाच्या कथा लपविल्या नाहीत. शरीररचना न जाणता एका वैद्याने स्त्रीच्या मानेवरील गाठ कापली. रक्तवाहिन्या तुटल्या आणि ती दगावली. अशी उदाहरणे देऊन कोणती शस्त्रक्रिया सुरक्षित, कोणती जिवावरची, हे त्यांनी वेगळे करून दाखविले आणि जिवावरच्या शस्त्रक्रियांपासून दूर राहण्यास बजावले. उलट, एका दासीने स्वतःच्या गळ्यावर सुरी चालविली, तेव्हा त्यांनी जखम नीट तपासली. श्वासनलिका कापली होती, पण मोठी रक्तवाहिनी शाबूत होती. त्यांनी टाके घातले, ती बरी झाली, फक्त आवाज घोगरा राहिला. अशी जखम भरून येते हे त्यांनी भीतीवरून नव्हे, प्रत्यक्ष पाहून ठरविले.

इ. स. १०१३ च्या सुमारास ते पैगंबरवासी झाले. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने तोलेदो येथे त्या खंडाचे लॅटिन भाषांतर केले आणि पुढे कित्येक शतके युरोपातील शल्यवैद्य त्यावरून शिकले.

पालक बंधू-भगिनींनो, आपल्या मुलाने डॉक्टर किंवा डेंटिस्ट व्हावे असे आपणांस वाटते, ते योग्यच आहे. आज त्या प्रवेशाची परीक्षा चार पर्यायांतून एक उत्तर निवडण्याची असते. पण पुढे खुर्चीवर बसलेला रोगी चार पर्याय देत नाही. तेथे परीक्षकही रोगी समोर बसवून विचारतात : हाच दात कशावरून? दुसरे कारण असू शकेल काय? काही न करणे बरे नव्हे काय? या प्रश्नांची तयारी पाठांतराने होत नाही. ती घरात आणि वर्गात लहानपणापासून व्हावी लागते. मुलगा घरी आला की किती गुण मिळाले एवढेच विचारू नका. हे उत्तर कशावरून काढलेस, हेही विचारा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, मास्तरांना ‘का?’ विचारण्यात बेअदबी नाही. जहरावींसारख्या उस्तादाने तर न विचारताच कारण सांगितले. त्यांच्या नावाचा अभिमान जरूर बाळगा. पण त्यांचे खरे वारस व्हायचे असेल तर त्यांची सवय उचला. आधी विचार, मग हत्यार.