एक्स्प्लेनर : एआयच्या काळात शाहू महाराज का आठवायचे?

नोंदी ठेवणे, हिशेब, अर्जांची छाननी ही कामे आता एआय करू लागले आहे. त्यातून सत्ता आणि पैसा मोजक्या हातांत एकवटेल का, अशी चर्चा जगभर सुरू आहे. लिहिण्याचे काम ज्याच्या हाती, सत्ता त्याच्याकडे, हा अनुभव कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वीच घेतला आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आयुष्यातून तो समजून घेऊया.

सुरुवात कशी झाली?
२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला.

तेव्हा सत्ता कोणाकडे होती?
प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. गावचे दप्तर वंशपरंपरेने कुलकर्ण्याकडे असे. बहुतेक शेतकऱ्यांना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे आपल्याच जमिनीबद्दल दप्तरात काय लिहिले आहे, हे त्यांना दुसऱ्याकडूनच कळे.

महाराजांनी काय केले?
• १९०१ पासून : वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे.
• १९०२ : रिक्त होणाऱ्या सरकारी पदांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखीव.
• १९०६ : कोल्हापुरात शाहू मिलची पायाभरणी. यंत्राला त्यांचा विरोध नव्हता.
• १९१७ : मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा.
• १९१८ : कुलकर्णी वतन रद्द. दप्तर पगारी तलाठ्यांकडे.

१९२० मध्ये माणगाव परिषदेत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते.

आजच्या काळाशी संबंध काय?
महाराजांनी उभारलेल्या शिडीची पहिली पायरी होती शाळा, दुसरी कचेरीतली नोकरी. एआय नेमके याच दुसऱ्या पायरीचे काम करू शकते. शिवाय गावचे दप्तर जसे एका घराकडे होते, तसा आजचा प्रचंड डेटा आणि तो हाताळणारी यंत्रणा मोजक्या कंपन्यांकडे आहे.

राखीव जागा म्हणजे भरल्या जाणाऱ्या पदांतला वाटा. पदेच भरली गेली नाहीत, तर ५० टक्के कशाचे? म्हणून एआयमुळे किती काम वाचले, एवढेच मोजून भागणार नाही. वाचलेला पैसा कोणाकडे गेला आणि नव्या कामाचे शिक्षण कोणाच्या मुलांना मिळाले, हेही तपासावे लागेल.