सरळ भोक पाडणारा माणूस

आपल्याकडे 'बोअर मारला' म्हटलं की शेतातली कूपनलिका आठवते. पण स्कूटर-मोपेडच्या पिढीला 'रिबोअरिंग'ही आठवत असेल. सिलेंडर झिजला की मेकॅनिक तो वर्कशॉपला पाठवायचा आणि तिथे आतलं भोक जरासं मोठं करून पुन्हा गोल करून मिळायचं. वाफेच्या इंजिनाच्या भल्यामोठ्या सिलेंडरवर हे काम ज्यानं पहिल्यांदा नीट करून दाखवलं, त्याचा कारखाना मी राहतो त्या वुल्व्हरहॅम्प्टनपासून हाकेच्या अंतरावर, बिल्स्टनला होता. त्याचं नाव जॉन विल्किन्सन.

हा माणूस आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझा एक मित्र. तोही माझ्यासारखाच दिवसभर कोड लिहिणारा, पण गॅरेजमध्ये छोटं मिलिंग मशीन घेऊन बसलाय. मागच्या भारतभेटीत त्यानं वडिलांच्या जुन्या लुनाचा सिलेंडर कपड्यांत गुंडाळून आणला. ओव्हरसाइज पिस्टन मिळालाय, आता सिलेंडर स्वतः बोअर करायचाय. त्यासाठी बोअरिंग हेड कुठलं घ्यावं, अचूक पण खिशाला परवडणारं, असं तो विचारत होता. भोक एकदा मोठं झालं की लहान करता येत नाही, आणि दुसरा सिलेंडर त्याच्याकडे नाही. तेव्हा प्रश्न साधा नव्हता.

विल्किन्सनचा जन्म १७२८ चा, इंग्लंडच्या उत्तरेला कंबरलँडमधला. वडील आयझॅक लोखंड ओतणारे. पोरगं बिडाच्या भांड्यांत आणि भट्टीच्या धुरात वाढलं. पुढे श्रॉपशरमधल्या ब्रोसलीजवळ, वेल्समध्ये बर्शमला आणि मग बिल्स्टनजवळ ब्रॅडलीला त्याच्या भट्ट्या पेटल्या. पहिली बायको लग्नानंतर वर्षभरातच गेली. बहीण मेरी दिली होती जोसेफ प्रिस्टलीला, म्हणजे ऑक्सिजनवाला प्रिस्टली विल्किन्सनचा मेहुणा. १७९१ च्या बर्मिंगहॅमच्या दंगलीत जमावानं प्रिस्टलीचं घर जाळलं, तेव्हा हा मेहुणा पैसे घेऊन उभा राहिला.

पैसा मात्र आला तोफांतून. तोवर तोफ पोकळच ओतायची आणि आतून तासून घ्यायची असा प्रघात होता. पोकळी वाकडी ओतली गेली तर तासणारं हत्यारही त्याच वाकड्या वाटेनं जायचं. विल्किन्सननं तोफ भरीव ओतली, तीच आडवी फिरवली आणि न फिरणारं हत्यार तिच्यात सरळ घुसवलं. १७७४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे १७७९ मध्ये ते रद्द झालं, कारण तोफांसारख्या गोष्टीत एकाच माणसाची मक्तेदारी आरमाराला नको होती.

त्याच सुमारास जेम्स वॅट वैतागलेला होता. त्याच्या इंजिनाची कल्पना चोख, पेटंट १७६९ चं, पण इंजिन काही चालेना. सिलेंडर गोल नसायचा, पिस्टनच्या बाजूनं वाफ निसटायची. तेव्हाच्या यंत्रात कापणारं डोकं एका लांब दांड्याच्या टोकाला असायचं. दांडा एकाच बाजूला धरलेला, त्यामुळे डोकं स्वतःच्या वजनानं खाली झुकायचं आणि ओतकामातल्या खाचखळग्यांवरून तसंच सरकत जायचं.

विल्किन्सननं १७७५ मध्ये केलं ते इतकं साधं आहे की हे आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटतं. सिलेंडर दोन्ही बाजूंनी उघडा असतो ना? मग दांडा आरपार घालायचा आणि दोन्ही टोकांना टेकवायचा. सिलेंडर स्थिर, दांडा फिरता, आणि कापणारं डोकं दांड्यावरून हळूहळू पुढे सरकणारं. टिपटनच्या खाणीवर बसवलेल्या ५० इंची सिलेंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीसुद्धा चूक नाही, असं वॅटचा भागीदार बोल्टन खुशीत येऊन कळवत होता. म्हणजे ढोबळमानानं मिलीमीटर-दीड मिलीमीटर. आज आपण हसू, पण त्या मिलीमीटरवर वॅटचं इंजिन १७७६ पासून धावायला लागलं. अगदी पहिल्या इंजिनांपैकी एक विल्किन्सननं स्वतःच्याच भट्टीला हवा मारायला घेतलं.

माझ्या मित्राची अडचण इथेच आहे. मिलिंग मशीनवरच्या बोअरिंग हेडमध्ये बार एकाच टोकाला धरलेला असतो, म्हणजे विल्किन्सनच्या आधीचीच स्थिती. हिशेब करून बघा. तोच बार दोन्ही टोकांना टेकवून मधोमध जोर दिला तर जेवढा वाकेल, त्याच्या सोळापट तो एका टोकाला पकडून दुसऱ्या टोकावर जोर दिल्यावर वाकतो. बाहेर आलेली लांबी दुप्पट केली तर आठपट जास्त वाकतो. जाडी दुप्पट केली तर मात्र वाकणं सोळाव्या हिश्श्यावर येतं. त्यात लुनाचं इंजिन टू-स्ट्रोक. सिलेंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, हत्यार तिथून जाताना प्रत्येक फेरीला ठोकर खातं.

म्हणून त्याला म्हटलं, डायलवर किती बारीक रेघा आहेत ते नंतर बघ. भोकात मावेल तितका जाड आणि काम होईल तितका आखूड बार लागतोय का ते आधी बघ. हेडची शँक तुझ्या स्पिंडलच्या टेपरमध्ये थेट बसायला हवी, मध्ये अडॅप्टर आला की लांबी वाढलीच. छोट्या मशीनला मोठं वजनदार हेड नको. सरकणारा भाग हातानं हलवून बघ, स्क्रू आवळल्यावर तो जराही हलता कामा नये. डायल त्रिज्या दाखवतो की व्यास, हे विचारून घे. त्रिज्या असेल तर एक शंभरांश मिलीमीटर फिरवल्यावर व्यास दोन शंभरांशानं वाढणार. स्क्रूत थोडी ढिलाई असतेच, तेव्हा माप नेहमी एकाच दिशेनं लाव. शेवटचा कट डायल न हलवता पुन्हा एकदा फिरव आणि होनिंगसाठी थोडं शिल्लक ठेव. एवढं पाळलं तर मध्यम किमतीचं हेड पुरतं. वाचलेले पैसे मी बोअर गेजमध्ये घालीन, कारण डायल काहीही म्हणो, खरं माप सिलेंडरच्या आतून घ्यायचं असतं.

विल्किन्सनकडे वळू या. जवळपास वीस वर्षं बोल्टन-वॅटचे सिलेंडर त्याच्याकडेच बनत होते. त्याला लोखंडाचं वेड लागलं होतं, असं लोक उघड म्हणत. सेव्हर्न नदीवरच्या प्रसिद्ध लोखंडी पुलामागेही त्याचा रेटा होता. १७८७ मध्ये त्यानं त्याच नदीत लोखंडी होडी सोडली आणि ती तरंगली. कामगारांना पगार द्यायला स्वतःचा चेहरा असलेली नाणी पाडली. पण हाच माणूस वॅटचं मानधन चुकवून परस्पर इंजिनं बनवत, विकत होता. हे उघड केलं ते त्याच्या सख्ख्या भावानं, विल्यमनं, बर्शमच्या वाटणीवरून भांडण झाल्यावर. बोल्टन-वॅटनी मग १७९६ मध्ये स्वतःचीच सोहो फाउंड्री काढली. त्या दोघांना भेटलेला सर्वांत अचूक कारागीर हाच होता, आणि विश्वासाच्या बाबतीत त्याचं माप असं चुकलेलं. मला हे आजही पटत नाही.

१४ जुलै १८०८ रोजी ब्रॅडलीला तो वारला. उतारवयात लग्नाबाहेरच्या नात्यातून तीन मुलं झाली होती. मृत्युपत्रावरून वर्षानुवर्षं खटले चालले आणि इस्टेट त्यातच विरघळली. शवपेटी लोखंडाची हवी, हे त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. तीही एका जागी टिकली नाही, पुन्हा पुन्हा उकरून हलवावी लागली. त्याचा बिडाचा उंच स्तंभ आज लिंडेल गावात रस्त्याकडेला उभा आहे. लेक डिस्ट्रिक्टला जाणारी आपली मंडळी बहुतेक तिथून जवळूनच जातात.